बोलायला कोणतं ॲप बरं? व्हाट्सअप, फेसबुक अन् इन्स्टाचा लातूरकडचा रिव्ह्यू

मोबाईलचे रिव्ह्यू सगळेच लिहितात, कॅमेरा कसा, बॅटरी किती वेळ चालती. ॲपचे रिव्ह्यू बघायला गेलं तर "मस्त ॲप", नायतर "अपडेट केल्यापासून हँग होतंय" एवढंच. पण ज्या कामासाठी ही ॲप आपण घेतली, म्हणजे माणसानं माणसाशी बोलायचं, ते काम नीट होतंय का ह्याचा रिव्ह्यू मला तर कुठं दिसला नाही म्हणून मीच लिहायलेय. माझं माहेर परभणीकडचं, सासर लातूर जिल्ह्यातलं, त्यामुळं दोन्हीकडचे ग्रुप, बचत गटाचा ग्रुप, पोरांच्या शाळेचा, दहावीच्या बॅचचा, सगळं एकाच मोबाईलमध्ये कोंबलेलं हाय, अन् फेसबुक इन्स्टा वरून वेगळं. कसोटी साधीच ठेवलीय. कोणी काही विचारलं तर त्याच गोष्टीचं उत्तर येतं का, अन् बोलून झाल्यावर काही हललं का. स्टिकर, थीम, नवीन फिल्टर ह्याच्याशी मला देणंघेणं नाही.

पहिले व्हाट्सअप, कारण आपल्याकडं तेच जास्त. निघालं २००९ ला, २०१४ ला फेसबुकवाल्यांनी १९ अब्ज डॉलरला घेतलं वगैरे ठीक हाय, पण आमच्याकडं चुलीपर्यंत पोचलं ते जिओ आल्यावर, २०१६ च्या सप्टेंबरनंतर. त्याच्या आधी नेटपॅक मारायचा म्हणजे मालकाला विचारून मारायचा, अन् मग मेसेज लिहिताना बी माणूस एकदाच बसून सगळं लिहायचा, पाऊस कसाय, पोरगी कितवीला गेली, आईचे गुडघे कसे हायत. नेट फुकट झालं अन् मेसेज बारीक झाले. आता "हं", मग "बर", मग "ओके", मग अंगठा, चार वेळा मोबाईल वाजला अन् सांगायचं काहीच नव्हतं.

भावकीच्या ग्रुपचं सांगते. आडनाव अन् पुढं परिवार असं नाव, डीपीला तुळजापूरची आई. पहाटे पहिला शुभ सकाळ पडतो तो आमच्या चुलत सासऱ्यांचा, मग त्याच्या खाली चहाचा कप, गुलाब, उगवता सूर्य, विठ्ठल, एका खाली एक. कोणी कोणाला उत्तर देत नाही, ज्यानं त्यानं आपापलं टाकायचं अन् निघायचं. लोक ह्याला हसतात, मी बी आधी हसायचे, पण एखाद्या दिवशी चुलत सासऱ्यांचा फोटो आला नाही तर दुपारच्या आत पुण्याहून त्यांच्या पोराचा फोन येतो, दादा बरे हायत ना म्हणून. म्हणजे हजेरी लागती, अन् एकट्यानं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची रोज हजेरी लागणं ही काय छोटी गोष्ट नाही. त्याचा एक स्टार मी प्रामाणिकपणे देते. फक्त त्याला बोलणं म्हणू नका.

बोलणं काय असतंय ते मागच्या नवरात्रात कळलं. मी ग्रुपवर विचारलं, तुळजापूरला कोणत्या दिवशी निघायचं, किती जण हायत, गाडी सांगायचीय. उत्तरं काय आली? आई राजा उदो उदो. जय भवानी. देवीच्या आरतीचा व्हिडिओ. परत उदो उदो. मग एका दिरानं त्यांच्या पोराच्या नवीन बुलेटचा फोटो टाकला अन् सगळे तिकडं अभिनंदन करायला पळाले. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन.

"गाडीचं काय झालं गं?"

"मी टाकलंय की ग्रुपवर, कोणी सांगतच नाय."

"ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं होतंय का? लाव एकेकाला फोन."

फोन लावले, चहा उकळेपर्यंत गाडी ठरली. ग्रुप म्हणजे लग्नातला माईक झालाय बगा, ज्याच्या हातात येतो तो मांडवाला ऐकू जावं म्हणून बोलतो, नवरा-नवरीशी कोणीच बोलत नाही. जितके जास्त ऐकणारे तितकं बोलणं जपून, नायतर मोठ्यानं, मधलं काही उरत नाही. घरी चार माणसात आमच्या जाऊबाई काय काय बोलतात, पोट दुखेपर्यंत हसवतात, अन् त्याच ग्रुपवर दोन हात जोडलेले टाकून गप्प, कारण तिथं सासरे हायत, थोरले दीर हायत, नणंदेचे मालक हायत. सुनांसाठी तो ग्रुप म्हणजे डोक्यावरचा पदर, मोबाईलमध्ये बी घ्यावाच लागतोय.

एकाच दिवशी एका दिराच्या पोराचा वाढदिवस अन् दुसऱ्यांकडं आजी गेल्या, असं झालंय आमच्या ग्रुपवर. वर केक, खाली भावपूर्ण श्रद्धांजली, त्याच्या खाली परत हॅपी बर्थडे, अन् उशिरा उठलेल्या एका पाहुण्यानं दोन्हीला मिळून अंगठा दाखवला. कोणाचं चुकलं असं नाही, सगळं एकाच ओळीत येतंय म्हटल्यावर होणारच. पण मातीला गेलो तेव्हा तिथं बायका किती बोलत होत्या, शेवटी काय मागितलं, कोण उशाशी होतं, दवाखान्यातून परत कामून आणलं, पिठलं खायची इच्छा झाली होती. ह्यातला एक शब्द ग्रुपवर आलेला नव्हता, तिथं सगळ्यांचं श्रद्धांजलीचं वाक्य सारखंच, कॉपी करून खाली चिकटवलेलं.

आता ब्लू टिक, मेसेज वाचला की दिसती ती निळी खूण. ही २०१४ च्या नोव्हेंबरात आली अन् नात्यात नवीनच भांडण घेऊन आली. आधी "मी बघितलंच नाही" म्हणायची सोय होती. आता नणंद विचारती, "वाचलीस पण काही बोलली नाहीस." बायांनो, सेटिंगमध्ये जाऊन रीड रिसीट बंद करता येती हे बऱ्याच जणींना माहिती हाय, पण ती फक्त पर्सनल चॅटला चालती. ग्रुपमध्ये बंद होत नाही. मेसेज टाकणारा तो मेसेज दाबून धरून इन्फोमध्ये गेला की कोणी कोणी वाचलं त्याची यादीच दिसती. आमच्याकडं एका काकांना हे कळलं अन् तेव्हापासून ते ग्रुपवर नावं घ्यायलेत, अमक्यानं वाचलं, तमक्यानं वाचलं, उत्तर नाही. त्यामुळं आता लोक ग्रुप उघडायच्या आधी वरच्या नोटिफिकेशनमध्येच वाचून घेतात. माणसं लई हुशार असतात, फक्त कोणाला तोंड दाखवायचं नसलं की.

ग्रुप सोडायचं म्हटलं तर आधी सगळ्यांसमोर पाटी लागायची, अमकी लेफ्ट, अन् मग दोन महिने घरात तोच विषय, काय राग आला, कोण काय बोललं. २०२२ च्या ऑगस्टपासून गुपचूप निघता येतंय, फक्त ॲडमिनला कळतं. म्हणजे कळायचं नाही असं बी नाही, आधी कोण होतं त्याची यादी ६० दिवस दिसत राहती, पण ती उघडून बघणारा माणूस आमच्या भावकीत अजून तरी ते इन्फोवाले काकाच. मी काय अजून निघाले नाही. आवाज बंद केलाय कायमचा अन् आर्काइव्हला टाकलाय, सासरमध्ये राहायचं तर एवढं चालतंय.

भावकीच्या ग्रुपला दोन स्टार. एक चुलत सासऱ्यांच्या हजेरीचा, दुसरा लग्नपत्रिका छापायला दिलेल्या कळतात त्याचा.

फॉरवर्डचं वेगळं सांगावं लागंल. फॉरवर्ड म्हणजे बोलणं नाहीच, ते दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडानं, अन् त्याची जबाबदारी कोणाचीच नाही. २०१८ ला सगळीकडं पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज फिरत होते, आमच्याकडं बी बाया पोरांना अंगणात खेळू देत नव्हत्या. त्याच वेळी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं मारून टाकलं, भिक्षा मागायला आलेली माणसं. देशात अजून बी अशा घटना झाल्या अन् मग त्याच जुलैत कंपनीनं मेसेजवर फॉरवर्डेडची खूण लावली, भारतात एका वेळी पाचच जणांना पुढं पाठवता यावं असं केलं. पुढं २०२० च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या काळात, जो मेसेज लई हातातून आलाय, ज्याच्यावर दोन बाण दिसतात, तो एका वेळी एकाच चॅटला जाईल असं केलं. हे काम चांगलं केलंय, माझा पूर्ण पाठिंबा. पण आपली माणसं कमी हायत का, एक जण फॉरवर्ड होत नाही म्हणून कॉपी करून नवीन मेसेज म्हणून टाकतो, मग ना खूण ना बाण.

२०२४ ला हिंगोली नांदेडकडं भूकंपाचे धक्के बसले, परभणीला आईला भांडी वाजल्यालं ऐकू आलं. त्या दिवशी ग्रुपवर रात्री अमक्या वाजता मोठा धक्का येणार म्हणून मेसेज. भूकंप किती वाजता येणार हे आधी सांगायची सोय जगात कुठंच नाही, पण किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ ज्यांनी बघितलाय त्यांना हे कसं समजावणार, ती माणसं गोधड्या घेऊन अंगणात येऊन बसली. आईला मी फोनवर सांगितलं, झोप घरात. ती म्हणली, "तू म्हणतीस म्हणून झोपते, पण दार उघडं ठेवते." हे असं उत्तर ग्रुपवर कधी येणार?

अन् ॲडमिन लोकांनी भिऊन जायचं काम नाही. ग्रुपवर कोणी वाईटसाईट टाकलं तर ॲडमिन आपोआप गुन्हेगार होत नाही असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ ला सांगितलंय, त्याचा त्यात हात असल्याचं दिसायला पायजे. तरी आमच्या दहावीच्या बॅचच्या ॲडमिननं निवडणुकीच्या काळात ग्रुपला कुलूप लावलं अन् मग उघडायचं विसरला. कोणाला फरक पडला नाही, हाच खरा रिव्ह्यू.

ह्या मोठ्या ग्रुपचं मला एक कळत नाही, एवढी माणसं आत घेऊन करायचं काय. आधी २५६ होती, मग ५१२, आता १०२४ माणसं एका ग्रुपात बसतात. रॉबिन डनबार म्हणून एक इंग्लंडचे अभ्यासक हायत, त्यांचं म्हणणं माणूस साधारण १५० जणांशीच ओळख धरून राहू शकतो. आमच्या वाडीत बी तेवढीच मोठी माणसं असतील अन् त्यात बी चार घराशी बोलणं बंद हाय. जेकब नील्सन नावाच्या एकानं २००६ लाच लिहून ठेवलंय की अशा ठिकाणी शंभरातले ९० नुसतं बघतात, ९ अधूनमधून बोलतात अन् एकच माणूस सगळं बोलत बसतो. आमच्या प्रत्येक ग्रुपमधला तो एक माणूस मी बोट दाखवून सांगू शकते. दहावीच्या बॅचमध्ये तो एक सर झालाय, रोज सुविचार. बाकीच्या पोरी, ज्यांच्याशी मला खरंच बोलायचंय, त्या नव्वदात. त्यातल्या एकीला मी पर्सनलला नुसतं "कशी हायस" टाकलं तर रात्री साडेअकराला तिचे मेसेजवर मेसेज, नवऱ्याची नोकरी गेलेली, पोरगं बोलत नाही, सगळं. ग्रुपवर त्याच दिवशी तिनं सुविचाराला फूल टाकलं होतं.

आता फेसबुक. फेसबुकवर मी फार नसते अन् का नसते ते सांगते. एक तर ते आपल्याकडं पुरुषांचं झालंय. वाढदिवसाचे बॅनर, शेजारी दहा कार्यकर्त्यांचे गोल फोटो, खाली कमेंट दादा, साहेब, किंग, भावी सरपंच, भावी आमदार. फेसबुकला पाच हजाराच्या वर मित्र करता येत नाहीत म्हणून काही जणांनी दुसरं अकाऊंट काढलंय. २०१६ ला त्यांनी नुसत्या लाईकच्या जोडीला प्रेम, हसणं, आश्चर्य, रडणं, राग अशी तोंडं दिली, तर लोक आता हसायचं तोंड कशाला वापरतात माहिती हाय का, समोरच्याला हिणवायला. कोणी शेतकरी सोयाबीन भिजल्याचा फोटो टाकतो अन् खाली हसणारी तोंडं, कारण तो त्यांच्या पार्टीचा नाही.

बाई म्हणून तिथं जायचं तर अजून वेगळं. माझ्या ओळखीच्या निम्म्या बायांच्या डीपीला कृष्ण, गुलाब नायतर लेकराचा फोटो, नावात बी अमक्याची आई. स्वतःचा फोटो टाकला की इनबॉक्समध्ये हाय. उत्तर नाही दिलं तर परत हाय. मग जेवलीस का. अरे बाबा तुझी माझी ओळख नाही, मी जेवले का नाही तुला काय करायचंय. ब्लॉक करायची सोय चांगली चालती, त्याचे मार्क देते, पण ब्लॉक करण्यातच अर्धा वेळ जातो.

दुसरं कारण मोठं हाय अन् ते लिहावं का नको असं वाटत होतं पण लिहिते. मागच्या दोन-तीन वर्षांत आरक्षणावरून आमच्या मराठवाड्यात फेसबुकच्या कमेंटमध्ये जे चाललंय ते वाचवत नाही. कोणी काय लिहिलं ते नंतर, आधी आडनाव बघायचं. कांद्याच्या भावाची पोस्ट असू दे, खाली चौथ्या कमेंटला जात. एका शाळेत शिकलेली, एका ताटात जेवलेली माणसं एकमेकांना अनफ्रेंड करून बसलीत अन् गावात समोर आली की मान खाली. बीडच्या पोलिसांनी २०२५ ला टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती नावं ठेवली, तेव्हा लई जण हसले, मला नाही हसू आलं. कमेंट बॉक्समध्ये असं करता आलं असतं तर बघायला आवडलं असतं, नुसतं नाव दिसतंय, आता काय लिहितोस लिही. फेसबुकवर लोक भांडताना बी एकमेकांशी भांडत नाहीत, बघणाऱ्या आपल्या माणसांना दाखवायला भांडतात. तोच माणूस फोनवर, "नाय वैनी, तसं काय नाय, ते आपलं चालू असतंय."

एक मात्र मान्य करते, रक्त पायजे असलं, कोणी हरवलेलं असलं, कोणाच्या ऑपरेशनला पैसे कमी पडले, तर फेसबुकवर अनोळखी माणूस धावून येतो. तिथं आडनाव कोणी विचारत नाही. त्यामुळं शून्य देता येत नाही. दीड.

१७ सप्टेंबरचा एक दिवस सोडून द्या, त्या दिवशी मुक्तिसंग्रामाचे तेच तेच फोटो सगळ्यांच्या भिंतीवर, १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटलो म्हणून. आमच्या घरातले आजोबा त्या काळातले, त्यांना कोणी जाऊन विचारलं नाही तेव्हा काय झालं होतं. फोटोला लाईक मात्र लई.

इन्स्टाग्रामचं मला कळत नाही असं म्हणणार होते पण पुतणी लातूरला डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचा क्लास करायला आमच्याकडं राहायला आली अन् थोडं कळायला लागलं. टिकटॉक २०२० च्या जूनमध्ये बंद झालं अन् पुढच्याच महिन्यात इन्स्टानं भारतात रील चालू केलं, ते आपल्याला माहितीच हाय, आमच्या शिवारात बी ट्रॅक्टरसमोर नाचणारी पोरं हायत. मला वाटायचं हे सगळं बघायचं काम, इथं बोलणं कुठंय. तर पुतणी अन् तिची पुण्याची मैत्रीण दिवसभर एकमेकीला रीलच पाठवतात, शब्द एक नाही. मी म्हटलं, "अगं बोला की काहीतरी." ती म्हणली, "काकू, हे बोलणंच हाय. तिनं हसून दाखवलं म्हणजे कळलं ना ती जागी हाय अन् मूड बरा हाय. रडकी रील आली की मी फोन करते." आता हे ऐकून मला चुलत सासऱ्यांचं गुलाबाचं फूल आठवलं, सांगितलं नाही तिला, चिडली असती. पण पोरींचं एक चांगलंय, फोन कधी करायचा ते त्यांना कळतं. आपल्या पिढीला फूल टाकलं की संपलं वाटतंय.

इन्स्टाच्या कमेंटमध्ये मात्र जाऊ नका. गावाकडची एखादी बाई भाकरी थापायचं रील टाकती, चूल, परात, मागं शेळी, खाली काय काय लिहितात, तिच्या रंगावर, लुगड्यावर, अंगावर. ह्याला एक इलाज हाय, रिस्ट्रिक्ट म्हणून, २०१९ ला आलाय. एखाद्याला रिस्ट्रिक्ट केलं की त्याची कमेंट त्याची त्यालाच दिसती, बाकी कोणाला नाही, अन् त्याला कळत बी नाही. ब्लॉक केलं तर दुसऱ्या अकाऊंटवरून येऊन शिव्या देतात, ह्याच्यात तो आपला एकटाच बडबडत बसतो. मला ही आयडिया लई आवडली, भावकीच्या ग्रुपला बी पायजे होती. पर्सनलला बोलायला तीन स्टार, कमेंटला काही नाही.

ट्विटर, आता एक्स म्हणतात, आमच्याकडं पत्रकार अन् पुढारी सोडून कोणी वापरत नाही, टेलिग्रामवर पोरं क्लासच्या नोट्सच्या पीडीएफ घ्यायला जातात, दोन्हीचा रिव्ह्यू इथंच संपला.

शाळेचा ग्रुप. मॅडम गृहपाठ टाकतात, खाली सगळे पालक ओळीनं धन्यवाद मॅडम, धन्यवाद मॅडम, अन् मग रात्री एक जण विचारतो आजचा गृहपाठ काय होता, कारण तो धन्यवादाखाली गाडला गेला. शेवटी मॅडमनी फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं केलं. बरोबर केलं.

बाजारभावाचा ग्रुप मात्र बघण्यासारखा हाय, तो आमच्या मालकाच्या मोबाईलवर. लातूरच्या अडतीत आज सोयाबीन काय गेलं, तूर काय गेली, कोणी नुसतं लिहून चालत नाही, पट्टीचा, म्हणजे अडत्यानं दिलेल्या हिशेबाच्या पावतीचा फोटो टाकायचा, ओलावा किती निघाला ते सांगायचं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल अन् बाजारात त्याच्या खाली चाललेलं, तेव्हा कोणत्या केंद्रावर नोंदणी चालू हाय, कुठं बारदाना संपलाय, हे सरकारी मेसेजच्या आधी ह्या ग्रुपवर. तिथं बी जातीचे सगळे हायत, पार्टीचे सगळे हायत, पण विचारलं त्याचं उत्तर येतं, कारण प्रत्येकाचं पोतं अडकलेलं हाय. कोणी शुभ सकाळ टाकलं की लगेच, "भाऊ भाव सांगा." मालक दिवसात दोन वाक्य माझ्याशी बोलतात अन् त्या ग्रुपवर ओलाव्यावर परिच्छेद लिहितात. चार स्टार, एक कापला कारण जेवताना बी ताटाशेजारी मोबाईल.

सगळ्यात जास्त मार्क मी आमच्या बचत गटाच्या ग्रुपला देणार हाय, साडेचार. उमेद म्हणजे बचत गटांचं सरकारी अभियान, त्यातला गट, बारा जणी, महिन्याची बचत, आतल्या आत कर्ज, हप्ता. बारा जणीत काही जणींना वाचता येत नाही, काही जणींना येतं पण टाइप करायचा कंटाळा, त्यामुळं आमचा सगळा ग्रुप आवाजात चालतो. माईकवर बोट ठेवायचं अन् बोलायचं. व्हॉइस मेसेज व्हाट्सअपवर २०१३ पासून हाय पण त्याचा खरा उपयोग कोणी केला असंल तर आमच्या बायांनी. एक जण शेतातून बोलती, मागं वारं. एक जण भाकरी करता करता, थापल्याचा आवाज. हप्त्याचं विचारलं तर नुसतं "उद्या देते" येत नाही, का नाही जमलं, म्हैस किती दिवसापासून आटली, दवाखान्याला किती गेले, सगळं येतं, अन् मग दुसरी म्हणती मी भरते ह्या महिन्याचा तुझा, तू पुढच्या महिन्यात दे. लिहिलेल्यात असं झालं नसतं. लिहिलेला "उद्या" सगळ्यांचा सारखाच दिसतो, आवाजात कळतं कोण खरं अडचणीत हाय अन् कोण टाळायलंय. लांबण लावणाऱ्या दोघी हायत, त्यांचं मी दुप्पट स्पीडनं ऐकते, ती सोय २०२१ ला आली, देव भलं करो.

लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० यायला लागले २०२४ ला, अन् २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी करा म्हणून निघालं तेव्हा खोट्या लिंकचा नुसता पूर. प्रत्येक ग्रुपवर एक लिंक, आधार टाका, ओटीपी टाका. भावकीच्या ग्रुपवर ती लिंक थोरल्यांनी टाकली म्हणून कोणी तोंड उघडलं नाही. आमच्या गटात एका जणीनं लिंक टाकली अन् लगेच दुसरीचा आवाज, "अगं ही खरी हाय का, शेवटी जीओव्ही डॉट इन हाय का बघ." नव्हतं. मग सीआरपी ताईंनी, म्हणजे गावातल्या गटांना मदत करणाऱ्या उमेदच्या ताईंनी, खरी साइट सांगितली, ओटीपी कोणाला सांगू नका म्हणून दोनदा बोलल्या, अन् जिनं लिंक टाकली होती तिला कोणी हसलं नाही. भावकीत असं झालं असतं तर थोरल्या दिरांना चूक सांगायला कोण उभं राहिलं असतं? बारा माणसं, रोज विहिरीवर नायतर दळणाला भेटणारी, एकमेकींचे पैसे एकमेकींकडं, तिथं खोटं बोलून जाणार कुठं.

अर्धा स्टार कापला तो साठवणीचा, दिवसभराचे आवाज अन् त्यात कोणी भजनाचा पूर्ण व्हिडिओ टाकला की स्वस्तातला मोबाईल भरतो. अन् मागचं काही शोधायचं म्हटलं तर आवाजात सापडत नाही, कोणी किती भरले ते परत परत ऐकावं लागतं, म्हणून हिशेब मी वहीतच ठेवते.

सध्या ह्याच्यावरूनच वाद चालू हाय. भजन टाकणाऱ्या मावशी ऐकत नाहीत म्हणून आमच्या अध्यक्षा म्हणायल्यात, शाळेसारखं करू, फक्त ॲडमिनच बोलंल. त्यावर चार जणींचे रागाचे आवाज आले, मावशींनी बी एक पाठवला, त्यात आधी भांडण अन् शेवटी परत भजनच. सोमवारच्या मीटिंगला हात वर करून ठरवायचंय. मी चालू ठेवा म्हणणार, कुलूप लावलं तर हप्त्याची तारीख तेवढी कळंल अन् कोणाची म्हैस आटली ते कळायचं नाही. मावशींना वेगळा भजनाचा ग्रुप काढून देते म्हटलंय, त्यात मला ॲड करू नका एवढीच अट.